कवठे महांकाळचा 'हाय'

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची गाडी लागली. खिडकीची जागा धरून मी माझी उर्दू गझल पुटपुटत बसलो. पलटणीत असताना उर्दूची गोडी लागली, निवृत्तीनंतर लिहायला लागलो. पण आज कवठे महांकाळच्या मैफलीत लोकांसमोर वाचायची ही पहिलीच वेळ. एक मात्र पक्कं ठरवलं होतं, मराठीत अर्थ सांगायचा नाही. नादाने आणि लयीनेच शेर पोचला पाहिजे, नाहीतर तो शेर कसला!

उसाची रानं मागे पडून माळ सुरू झाले. वडूजला गरम भजी खाण्याच्या नादात विट्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या गाडीत उभ्यानेच गेलो.

कवठे महांकाळला पलटणीतला दोस्त रमजान घ्यायला आला होता. मैफल त्याच्याच अंगणात होती. हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) पिता पिता तो म्हणाला, "गड्या, आदी अर्थ सांग. न्हाईतर लोक उठून जात्याल."

"जाऊ देत. मी न्हाई सांगणार."

"लय हट्टी हाईस, रं."

संध्याकाळी अंगण भरलं. मी घसा खाकरून सुरुवात केली:

'दूर बहुत है पानी, हाय!'

रदीफ (शेराच्या शेवटी पुन्हापुन्हा येणारा शब्द) होता 'हाय', म्हणजे उर्दूतला उसासा. पण घाबरून मी मधला थांबाच गिळला. पुढे बसलेली धनगराची म्हातारी हरखून उठली. "पानी हाय? कुठं हाय, दादा?"

अंगणात हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे 'हाय' म्हणजे 'आहे', हे जन्मभर तसंच बोलूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं! म्हातारी हसत नव्हती. "आवं, कालवा आमच्या वस्तीच्या अलीकडंच थांबलाय," ती म्हणाली. "म्हून इचारलं."

सांग आता अर्थ, असं रमजान डोळ्यांनी खुणावत होता. मी हट्टालाच पेटलो. तीच ओळ पुन्हा घेतली. 'पानी'वर थांबलो, श्वास घेतला आणि 'हाय' लांबवत हळूच खाली सोडला.

म्हातारी सावकाश खाली बसली.

"व्हय," ती म्हणाली, "लय लांब हाय."

पुढचे सगळे शेर मी असेच म्हटले. कोणीही उठून गेलं नाही.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. माझा हट्ट तडीस गेला होता. अर्थ मी सांगितला नाही, तो म्हातारीनेच सांगितला. खुशीत मी गझल पुन्हा म्हणायला घेतली. 'पानी'वर थांबलो, पण उसासा काही बाहेर येईना. कानात तिचंच ऐकू येत होतं, 'कुठं हाय, दादा?'