दहा वॉटचा खोका

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडी हलायला आली, तेव्हा बाबांनी संत्र्यांची छोटी पेटी खिडकीतून माझ्या हातात दिली. "खालपर्यंत सारखी हायेत," म्हणाले. निरोप तेवढाच. वर मोठी फळं आणि खाली गोट्या, हा बाजाराचा रिवाज. बाबांची पेटी मात्र व्यापारी उघडूनही पाहत नसत. मला त्याचा भारी अभिमान होता. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पुण्यात मला नोकरी लागली ती खोक्यांवरचा मजकूर लिहिण्याची. आमची कंपनी लांबचं वायफाय पकडणारे यूएसबी अ‍ॅडॉप्टर विकते. 'ताकद दहा वॉट, पल्ला तीन किलोमीटर' हे मीच लिहिलं. साहेबांनी आकडे दिले, मी उतरवले. कोणी मोजलेत का, हे विचारलं नाही. त्यातलाच एक अ‍ॅडॉप्टर मी मोठ्या दिमाखात आमच्या गावी, तिगावला, घरच्या लॅपटॉपसाठी पाठवला. आमचं घर गावाबाहेर संत्र्यांच्या बगीच्यात, तिथे मोबाइलला धड रेंज नाही, आणि वायफाय दीड किलोमीटरवर, गावातल्या मामांकडे.

"मस्त चालून राह्यलं वं," बाबांनी कळवलं. "डब्ब्यावर तूच लिवलं ना?"

मग रोज संध्याकाळी ते स्क्रीनवर दिसू लागले. मागे पांढरी भिंत. आमच्या घराच्या भिंती निळ्या आहेत. माझ्या ते लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मी येऊ दिलं नाही.

एके दिवशी चाचणी विभागातली मैत्रीण हसत म्हणाली, "अगं, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून मुळात अडीच वॉट मिळतात. दहा कुठून आणणार?" त्याच आठवड्यात मी न कळवता घरी गेले. अ‍ॅडॉप्टर खिडकीत धूळ खात होता.

"एक दिवस नाही लागलं ते," आई म्हणाली. "थे रोज पायी जातात तुया मामाकडे. गुडघा सुजला तरी."

बाबा आल्यावर मी रडलेच. "सांगितलं काऊन नाही?"

"तुयं लिवलेलं खोटं हाय, हे तुयाच तोंडावर कसं म्हणू?"

परत येऊन मी साहेबांना सांगितलं. "सगळेच लिहितात," ते म्हणाले. खोका तसाच आहे, मीही तिथेच आहे.

तुम्ही गावी राहिलात किंवा माझ्यासारखे निघालात, तुमचं घर तुम्हाला ठाऊक. माझं घर म्हणजे माझी पेटी न उघडता घेणारी दोन माणसं. काल बाबांनी विचारलं, "आता मोजून लिवतं ना, बाई?"

मी हो म्हणाले. त्यांनी लगेच खरं मानलं.