मामांच्या गाडीला कुकरची रिंग

या अधिक महिन्यात माझ्या सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणात पुरण कच्चं राहिलं, ते माझ्यामुळं. हरभऱ्याच्या डाळीचा दोष नव्हता. गॅसचा नव्हता. सुवर्णावहिनींचा तर मुळीच नव्हता, आणि बोलणी मात्र सगळी त्यांनी खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल चुकून आदर वाटायला नको.

माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. सासुरवाडी तासगावच्या बाजूला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मेव्हण्याची बायको म्हणजे सुवर्णावहिनी. सगळी माणसं सोन्यासारखी. त्या घरात खोट एकच, ती म्हणजे त्यांना जावई दोन आहेत.

दुसरे जावई म्हणजे माझे साडू, मेव्हणी मंगलचे यजमान तानाजीराव. गाव जतकडं. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होते, सुभेदार होऊन परत आले. आता डाळिंबं करतात, मेंढरं पाळतात आणि उरलेल्या वेळात माझ्या सासुरवाडीला आवडतात! तिथं पंखा कुरकुरला की तानाजीरावांना फोन. म्हैस आटली की तानाजीरावांना फोन. मामांच्या गुडघ्यात कळ आली तरी तानाजीरावांना फोन. (गुडघ्याला काय स्क्रू असतो का?) मी त्या घरातल्या प्रत्येकाला चष्मा करून दिलाय. त्या चष्म्यांतून ती सगळी माणसं तानाजीरावांकडं कौतुकानं बघतात.

माझी बायको शोभा, तीसुद्धा! “मंगलच्या मालकांनी घरातली सगळी वायरिंग सवताच्या हातानं केली,” असं ती मला बल्ब बदलताना सांगते. मी स्टुलावर उभा असतो. स्टूल तिनंच धरलेलं असतं, त्यामुळं उत्तर देता येत नाही.

तर अधिक महिना आला, आणि दोन्ही जावयांना धोंड्याचं आवतण आलं. या जेवणाला जावई म्हणजे साक्षात देव. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो. तानाजीराव सकाळी येणार होते. म्हणजे एक अख्खी रात्र त्या घरात जावई म्हणून मी एकटा! मला फार बरं वाटत होतं.

मामा अंगणात त्यांच्या जुन्या मोटारसायकलला किक मारत होते. गाडी धाप लागल्यासारखी करत होती.

“काय झालं मामा?”

“हवेचा फिल्टर बसंना झालाय. कडंचं रबर आखडलंया. बाजूनं धूळ आत जातीया, वडच घेत न्हाई गाडी. आसूं द्या, उद्या तानाजी येणार हाय. त्यो बघंल.”

“मी बघतो की!”

मामांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. (चष्मा मी दिलेला!) “तुमी? नगं, जावईबापू. धोंड्याला आलाय, निवांत ऱ्हावा.”

तो “तुमी?” मला रात्रभर टोचत राहिला. एकदा, फक्त एकदाच, मामांनी “जावई असावा तर असा” हे वाक्य माझ्याकडं बघून म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आजवर ते मी तानाजीरावांच्या शेजारी बसूनच ऐकत आलोय.

सकाळी घर उठायच्या आत मी गाडीचं बाजूचं झाकण खोललं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यामुळं मी तयारीत होतो. फिल्टर त्याच्या डब्यात खुळखुळत होता. कडेचं रबर वाळून आत ओढलेलं, आणि त्या फटीतून धुळीची चांगली पायवाट पडलेली. इलाज अगदी साधा होता. फट भरेल असं मऊ रबर पाहिजे.

आणि मऊ रबर मला स्वयंपाकघरात दिसलं! मोठ्या कुकरच्या दोन रिंगा खिळ्याला टांगलेल्या होत्या. एक कडक, ताठ. दुसरी लुसलुशीत. मी विचार केला, वापरून वापरून जी सैल झाली ती जुनी, आणि जी अजून ताठ आहे ती नवी. (लोकांची नजर तपासून माझं पोट चालतं, हे इथं लक्षात घ्यावं.) दुसऱ्याच्या घरातली नवी वस्तू घेणं बरं नव्हे, म्हणून मी प्रामाणिकपणे जुनी घेतली.

ओट्यावरच्या कात्रीनं ती कापली. पंक्चरच्या पेटीतलं सोल्युशन लावून फिल्टरच्या चारी बाजूंनी चिकटवली. थोडं शेपूट उरलं, तेही आत दाबून बसवलं. झाकण बसेना. गुडघा लावला, बसलं. किक मारली, आणि गाडी अशी गुरगुरली की मलाच भरून आलं!

मामा बंडी घालत बाहेर आले. अंगणातच एक फेरी मारली. उतरले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आयला! जावईबापू, तुमास्नी ह्यातलं बी कळतं व्हय?”

वाक्य अगदी माझ्या मनातलं नव्हतं, पण त्याच वाटेवरचं होतं. मी लगेच तानाजीरावांना फोन लावला. “साडू, सावकाश या. गाडीचं मी केलंय.”

“लय भारी काम केलंसा!” ते म्हणाले. मनापासून म्हणाले. मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “आगं सुवर्णा, कुकर शिट्टी का देईना?”

मी दारातून डोकावलो. कुकरच्या झाकणाखालून सगळीकडून वाफ फुसफुसत होती. गाडीचा आजार मी व्यवस्थित काढून कुकरला लावला होता!

“ही तर जुनी रिंग बसीवलीयास! परवा आणलेली नवी कुठं हाय?”

“खिळ्यालाच हुती आत्या. रात्री मी सवता अडकवली.”

“मग काय पाय फुटलं तिला? येक वस्तू जाग्यावर घावंल तर शप्पत! सणाच्या दिवशी!”

आता खरं तर मी पुढं होऊन बोलायला पाहिजे होतं. तोंडही उघडलं होतं. पण मामा शेजारी उभे होते, त्यांचा हात अजून माझ्या पाठीवर होता, आणि तो हात पुन्हा कधी तिथं येईल याची खात्री नव्हती. मी तोंड मिटलं.

नुसतं मिटलं असतं तरी चाललं असतं. मी शोधायला लागलो! टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलो. पिठाच्या डब्यात हात घातला. “उंदरानं नेली असंल,” असं एक मतही दिलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. शोभा मात्र जवळ आली आणि नाक वर करून म्हणाली, “आवं, तुमच्या हाताला कसला वास येतोय?”

“चष्म्याचं सामान,” मी म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तेवढ्या नजरेनं डाळ शिजली असती.

एवढ्यात तानाजीराव आणि मंगल आले. मिशा पुढं, पिशवीभर डाळिंबं मागं. आणि मामींनी काय करावं? चहासुद्धा विचारला नाही, पहिलं वाक्य, “तानाजीराव, जरा कुकर बघा की!”

म्हणजे आता कुकरसुद्धा? मी बिघडवलेला कुकर?

तानाजीरावांनी झाकण उलटं केलं. “मामी, रिंग कडक झालीया. कडंनं वाफ चाललीया. पातेल्यात शिजवा, वर झाकण ठेवून कणकीनं कडा लिंपा.” लगेच कणकीचा गोळा घेऊन कडा लिंपूनही दिल्या. घरात सगळीकडं “बघा!” “बघा!” झालं. मी बघितलं. काय करणार?

मग मामा विड्याची पानं आणायला माझ्या गाडीवरून गेले. (तासाभरात मी तिला “माझी गाडी” म्हणायला लागलो होतो.) थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. ओढ्याच्या चढावर गाडी बंद पडली होती. “तानाजीला लावून द्या!”

तानाजीराव निघाले. मागून मी. आत काय आहे ते मला माहीत होतं, आणि ते कुणी बघायच्या आत मला बघायचं होतं. पण फौजी माणूस चढावरसुद्धा ताठ चालतो, मी पळूनही मागंच. मी पोचलो तेव्हा झाकण निघालेलं होतं. सोल्युशन सुटलं होतं आणि रिंगेचं शेपूट ओढलं जाऊन हवेच्या नळीत अडकलं होतं. तानाजीरावांनी ते धरून ओढलं. अख्खी रिंग बाहेर आली. त्यांनी रिंगेकडं बघितलं. मग माझ्या बोटांकडं बघितलं.

मामा पलीकडं दगडावर बसून घाम पुसत होते. “काय घावलं गा?”

“काय न्हाई मामा. कचरा.” आणि त्यांनी रिंग खिशात घातली.

“साडू…” मी हळूच म्हणालो.

“गप ऱ्हावा. धोंडं खाऊया.”

दुसरा कुणी असता तर त्यानं पाय धरले असते. मी चढ उतरताना मनात जळत होतो. एवढं मोठं मन असतं का माणसाचं? गाडी त्यांचीच, कुकर त्यांचाच, आता माझी अब्रूसुद्धा त्यांच्याच खिशात!

दुपारी आम्हा दोघांना पाटावर बसवलं. ओवाळलं. ताटात धोंडे आले. मी एक फोडला. आत पुरण नव्हतं, गोड डाळ होती. कणकीनं केलं तेवढं केलं, पण वेळ पुरला नव्हता. तोंडात कचकच झाली.

मामींचं तोंड उतरलं. “येक रिंग सांबाळता येईना हिला! देवागत जावई माझं, त्येंच्या ताटात कच्ची डाळ वाढायची येळ आणली.”

वहिनी तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. माझ्या घशात धोंडा अडकला, पण धोंडा काय, गिळता येतो. मी गिळतच होतो.

तेवढ्यात शेजारी तानाजीराव खाकरले. त्यांचा हात खिशाकडं गेला. “मामी, वहिनींना बोलू नका. त्ये रिंगचं काय झालं, मीच सकाळी फोनवर…”

माझ्या डोक्यात वीज चमकली. हा माणूस माझा गुन्हा स्वतःवर घेणार! आणि मग मामी काय म्हणणार? “बघा, किती मोठं मन!” गुन्हा मी करायचा आणि कौतुक यांचं? अशक्य! मी पाटावरून ताडकन उठलो.

“मामी, रिंग मी कापली! सकाळी! फिल्टरला लावली! यांचा काही संबंध नाही! गुन्हा माझा आहे! वहिनी, माफ करा!”

माझ्या हातातल्या धोंड्यातून एक डाळ ताटात पडली, तिचासुद्धा आवाज ऐकू आला. मामा तोंड उघडं ठेवून बसले होते. शोभानं कपाळावर हात मारला.

वहिनींनी हळूच मान वर केली. “दाजी, मला ठावं हुतं.”

“काय?”

“कात्रीला रबराचं तुकडं चिकटलं हुतं. तुमी पलंगाखाली शोधत हुता, तवाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत? एवढी बोलणी खाल्लीत!”

“धोंड्याला आलेल्या जावयाला आसं कसं बोलायचं दाजी?” वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात तूप वाढायला वाकल्या.

मी पाटावरून खाली उतरलो. हात जोडले, ते पुरणानं बरबटलेले होते, तसेच जोडले.

“चुकलं माझं, वहिनी,” मी म्हणालो. “रिंग कापली ते चुकलंच, पण तुम्ही बोलणी खात असताना मी टॉर्च घेऊन हिंडलो, ते जास्त चुकलं. मला माफ करा.”

ही दुसरी माफी मी अगदी मनापासून मागितली, तानाजीरावांकडं न बघता. (म्हणजे, एकदाच बघितलं.)