उगवता हात

मी ब्रिटल स्टार नावाच्या एका समुद्री जीवाचा नव्यानं उगवणारा हात मोडून टाकला आणि त्या जागी दुसऱ्याचा हात डिंकानं चिकटवला. प्राणिशास्त्र शिकवायला लागून तेव्हा मला बावीस वर्षं झाली होती.

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात तपासणीची कमिटी यायची होती. विभागप्रमुख मॅडमनी बजावलं, "कपाटात मोडका नमुना एकही दिसता कामा नये." मी मूळचा औंधकडचा. आमच्याकडं मूर्तीचं बोट जरी उडालं तरी ती देव्हाऱ्यात राहत नाही. आणि एका बरणीत हा तारामाशाचा चुलतभाऊ बसलेला: मधे बटणाएवढी चकती, सापाच्या शेपटीसारखे, वरच्या अंगाला पट्टे असलेले चार लांब हात, पाचवा जेमतेम पेरभर. मला तो खंडित वाटला. केला दुरुस्त.

गंमत म्हणजे त्याला आणला होता मीच, सहलीत, मालवणच्या खडकांतून. दगड उलटला तसा तो उजेडापासून पळत सुटला. याला पुढं-मागं असं काही नसतं. वाटेल तो हात पुढं करायचा आणि शेजारचे दोन वल्ह्यासारखे मारायचे. खायचं तोंड आणि टाकायची वाट एकच. त्याच्या शेजाऱ्याचा मी हात धरला, तर हात माझ्या मुठीत वळवळता ठेवून गडी दगडाखाली पसार. तोच हात पुढं मी याला चिकटवला. जीव वाचवायला हात सोडायचा आणि मग सावकाश नवा करायचा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. फळा वाचायचं काम विद्यार्थ्यांचं, असा माझा समज.

कमिटीनं कपाटाकडं नजर टाकली, चहा घेतला आणि गेली. टेबल आवरताना तो मोडलेला तुकडा मी सहज भिंगाखाली धरला. टोक शाबूत. दोन्ही बाजूंनी बारीक काटे ओळीनं फुटलेले. तो तुटका हात नव्हताच, लहान हात होता. अख्ख्या कपाटात बघण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

पुढच्या आठवड्यात शाळेची पोरं कपाट बघायला येणार होती. मी तुकडा छोट्या बाटलीत घातला, बरणीशेजारी ठेवला आणि कार्ड लिहिलं : 'हा हात उगवत होता. मोडका समजून मी तोडला.' खाली सही.

मॅडम म्हणाल्या, "सर, हे काढा. विभागाची अब्रू जाईल."

"सही माझी आहे. अब्रूही माझीच."

"मग बरणीच काढते."

"काढा. उद्या परत ठेवीन. परवाही ठेवीन." मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. "मोडकं झाकायला गेलो म्हणून हे झालं. आता झाकणार नाही."

"प्राचार्यांना उत्तर तुम्ही द्यायचं."

"देतो की."

मॅडम गेल्या. कार्ड राहिलं. लॅबचे मामा एवढा वेळ परीक्षानळ्या विसळत होते. हात पुसत आले, कार्ड वाचलं, बरणी खिडकीकडं धरून फिरवली.

"आवं सर, अजून एक ओळ लिवा. चार हातांचं पट्टं वर हायत, तुमी चिकटवल्याल्या हाताचं खाली. ह्येला मेंदू न्हाई, तरी सुलटा उगवीत हुता. तुमी एवढं शिकून उलटा लावलासा."