काशीदच्या चढावरचा हँडब्रेक

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. नागावच्या वाड्यांतली शहाळी टेम्पोत भरून काशीदच्या टपऱ्यांना पोचवायची, हा माझा जन्माचा धंदा. शाळा दुसरीपर्यंत, पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

काशीदच्या चढावर एक टपरी आहे. तिथे थांबलो की बायको शेजारच्या सीटवरून उडी मारायची आणि सीटखालचा दगड मागच्या चाकाला लावायची. खाऱ्या हवेने हँडब्रेकची केबल गंजत चाललेली, पण बायको असताना केबलवाचून अडलं होतं कुणाचं? उतरता उतरता रोज बजावायची, "पाय नका काढू हां ब्रेकवरचा. मी चाकामागं हाय."

ती वारली आणि मी त्या चढावरच्या टपरीला माल देणं सोडलं. लोकांना सांगितलं, परवडत न्हाय. सपाटीवर माल टाकायचा, घरी येऊन दार लावून बसायचं.

मग गाडीचं आरटीओ पासिंग आलं. साहेबांनी गाडी उतारावर उभी करायला लावली. हँडब्रेक ओढून पाय काढला, तर गाडी सरकली. मी म्हणालो, दगड लावतो, मग बघा कशी थांबते. साहेब तरणा होता, पण हसला नाही.

"आजोबा, गाडीत दुसरं कुणी नसलं तरी ती थांबली पाहिजे. नियमच आहे तो."

मी कुणाशीही भांडतो. त्या दिवशी सही केली आणि कागद खिशात घातला. गाडी नापास.

गॅरेजवाला म्हणाला, जुनीच केबल जोडून देतो, काका. मी नको म्हटलं. नियमात बसणारी, सरकारी मार्क असलेली नवी केबल घातली, ब्रेकचे लायनरही तसेच घातले, आणि गाडी पास करून आणली. संध्याकाळी चढावरच्या टपरीवालीला फोन केला, उद्या माल आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर थांबलो. हँडब्रेक ओढला. पाय मात्र ब्रेकवरून उठेना. टपरीवाली बाहेर आली, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं तिने.

"काका, उतरा आता," एवढंच म्हणाली.

पाय काढला. गाडी हलली नाही. शहाळी उतरवली, दगड सीटखाली होता तिथेच राहू दिला आणि पुढच्या टपरीकडे निघालो.