बसवून घेतलेलं माप

आमच्या ह्यांना कुणाचंही माप घ्यायचं झालं, की आधी ते समोरच्याला उभं करून म्हणायचे, "सावधान!" मग तो लष्करातला जवान असो नाहीतर गल्लीतला दूधवाला. लग्नानंतर माझ्या पोलक्याचं माप घेतानाही त्यांनी मला तेच सांगितलं. मी म्हटलं, "मी काय परेडला आलेय का?" तेव्हापासून माझी पोलकी मीच शिवते.

त्यांचा तरी काय दोष! विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावरून थोडं आत, लष्कराचा एक डेपो होता आणि त्याच्या फाटकासमोर आमचं शिंप्याचं दुकान. आम्ही मूळचे वऱ्हाडातले. हे पुण्यात आले, एका उस्तादाच्या हाताखाली वर्दी शिवायला शिकले आणि दुसरं काही शिकलेच नाहीत. छाती पुढे, पोट आत, श्वास रोखलेला, असं उभं राहून जवानाने माप द्यायचं. त्या मापाची पँट अशी बसायची की सुरकुती शोधून सापडायची नाही. आणखी एक रिवाज होता. प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. जवान सुट्टीत घरचं खाऊन परत आला की कंबर वाढलेली असायची, मग तेवढं उसवून सैल करायचं. मी म्हणायचे, "अहो, एवढं कापड आत कशाला कोंबता?" हे म्हणायचे, "माणूस वाढतो."

फाटकासमोर आमच्याखेरीज एक चहावाला होता आणि एक न्हावी. तिघांचेही दिवस डेपोच्या वेळेवर चालायचे. चहाचं आधण चारच्या सुट्टीला, न्हाव्याची गर्दी रविवारी सकाळी, आमची घाई पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी. सुट्टीवरून येणारे जवान आमच्यासाठी आपापल्या गावचं काहीतरी घेऊन यायचे. कुणी आंब्याचं लोणचं आणायचा, कुणी बायकोने विणलेला रुमाल. माझी दोन बाळंतपणं त्यांनी आणलेल्या तुपावर झाली, हे मी आजही कुणालाही सांगेन.

डेपो हलणार ही कुणकुण आधी न्हाव्याला लागली. आम्ही त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, लष्कर म्हणजे काय सर्कस आहे, तंबू गुंडाळून निघून जायला? पण बाप्पा, गुंडाळलाच की तंबू! महिनाभर ट्रक भरभरून जात राहिले. जाताना प्रत्येक जण दुकानात डोकावून गेला. शेवटी फाटकाला कुलूप लागलं आणि आत एक पहारेकरी उरला. तो चहा घरून थर्मासमध्ये आणायचा.

चहावाला वर्षाच्या आत मांजरी गावाला जावयाकडे गेला. तिकडे नव्या इमारती उठत होत्या, गवंड्यांना चहा लागायचाच. न्हावी राहिला, पण त्याच्या हातात एकच कटिंग बसलेलं. कॉलेजातल्या मुलांनी 'थोडे कमी करा' म्हणायचं आणि ह्याने कानावरचं सगळं साफ करून टाकायचं. एकाची आई भांडायला आली तेव्हा हा तिलाच विचारतो, "मुलगा भरतीला नाही का जात?"

आमची तऱ्हा त्याहून वाईट. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं रस्तोरस्ती दिसत होती, पण सगळी तयार कपडे घेणारी. दुकानात शिरायचं, पँट चढवून बघायची, पिशवीत टाकायची. माप घ्यायला माणूस लागतोच कशाला? मी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवत होते. हे रोज सकाळी मशीन पुसायचे, तेल घालायचे आणि कुलूप लागलेल्या फाटकाकडे तोंड करून बसायचे. संध्याकाळी पुन्हा पुसायचे.

एक दिवस म्हणाले, "नव्या सोसायटीत वॉचमन हवाय. पहिल्या तारखेपासून ये म्हणतायत." मी उठले. आत जाऊन भाजी चिरता चिरता रडले. ज्याने आयुष्यभर वर्दी शिवली, त्याने आता दुसऱ्या कुणीतरी शिवलेली, खांद्यातून लोंबणारी वर्दी घालून फाटकं उघडायची? कामाची लाज नव्हती हो. पण मशीन विकलं की हा माणूस मनातून संपेल, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात हवालदारसाहेब आले. साताऱ्याकडचे. डेपोच्या गाड्या त्यांच्या ताब्यात असायच्या. निवृत्त झाल्यावर आमच्याच भागात दोन खोल्या बांधून राहिले होते आणि एका कॉम्प्युटर कंपनीत गाड्यांची व्यवस्था बघत होते. ह्यांना ते 'मास्टर' म्हणत. म्हणाले, "मास्टर, आमच्या चाळीस ड्रायव्हरांना वर्दी पाहिजे. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?" ह्यांनी लगेच सोसायटीला थांबायला सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या रात्री पोटभर जेवले.

ड्रायव्हर म्हणजे आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची मुलं. जमिनीवर इमारती झाल्या, त्या पोरांनी जीपगाड्या घेऊन कंपन्यांना लावल्या. ह्यांनी चाळीसच्या चाळीस जणांना दुकानाबाहेर ओळीने उभं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सावधान!" पोरं हसली, पण राहिली उभी. छात्या पुढे, पोटं आत. माप झालं, कपडे झाले, इस्त्री होऊन गेले. असे देखणे कपडे! मला तर दृष्ट काढावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारसाहेबांची जीप दारात. मागून एक ड्रायव्हर उतरला, तो दोन्ही हात पाठीमागे धरूनच. मला म्हणाला, "मावशी, हुबं ऱ्हायलं की झकास हाय. बसलं की जीव जातोय. सकाळधरनं तिघांच्या फाटल्या."

मला हसू फुटलं. मग ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "मी कुणाला बसवलंच नाही." दिवसभर गाडीत बसून राहणाऱ्या माणसांचं माप ह्यांनी परेडला उभं करून घेतलं होतं! असला घोळ दुसरा कुठला शिंपी घालणार? हात जोडून म्हणाले, "साहेब, चूक माझी. काम दुसऱ्याला द्या. मी पहिल्या तारखेपासून सोसायटीत जातो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. माझं फॉल लावायचं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसले. "मास्टर, इतकी वर्षं मला उभं करून माप घेतलंत. आज बसवून घ्या."

हे हलेनात.

"घ्या म्हणतो ना! हुकूम समजा."

ह्यांनी टेप काढली. बसलेल्या माणसाची कंबर घेतली, मांडी घेतली, मागची उंची घेतली आणि प्रत्येक आकड्याला भुवया वर चढत गेल्या. माप संपल्यावर साहेबांनी जीपमधून परत आणलेल्या गठ्ठ्यातली एक पँट ओढली, उलटी केली आणि शिवणीतलं दुमडलेलं कापड ह्यांच्या पुढे धरलं. "हे काय आहे? माझी पँट तुम्ही तीनदा सैल करून दिलीत, विसरलात? उसवा."

चार दिवस आम्ही उसवत होतो. न्हाव्याला गिऱ्हाईक नव्हतंच, तोही ब्लेड घेऊन येऊन बसला आणि दोरा न् दोरा असा अलगद काढला की मी बघत राहिले. पँट न्यायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ह्यांनी आधी स्टुलावर बसवलं. "जीव जातोय का?" "न्हाई काका, आता बेस हाय." मगच पुढचा. ह्यांनी सोसायटीला कायमचा नकार कळवला. त्या कंपनीमागून दुसऱ्या कंपनीचे ड्रायव्हर आले, मग शाळेच्या बसचे. आमची दोन्ही मुलं त्या स्टुलावर शिकली म्हणा ना.

ही गोष्ट इथेच संपली असं मी कितीतरी वर्षं समजत होते. मग एकदा त्या हात पाठीमागे धरून आलेल्या ड्रायव्हरने, आता त्याच्या स्वतःच्या बसगाड्या आहेत, मला सांगितलं. त्या सकाळी कंपनीचा मॅनेजर आमचं काम काढूनच घेणार होता. हवालदारसाहेब त्याला म्हणाले, माप असं घ्यायला मीच सांगितलं होतं. तसं त्यांनी लिहून दिलं, माफी मागितली. फौजेतल्या सगळ्या नोकरीत एकही लाल शेरा नसलेला माणूस! आणि आम्हाला अक्षराने कळू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातीचं लग्न निघालं. साहेबांचे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही, म्हणून माप घ्यायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. हे टेप काढत होते, तेव्हा मला राहवलं नाही. विचारलंच, "साहेब, तेव्हा खोटं का बोललात?"

ते म्हणाले, "वहिनी, खोटं कुठं? सावधानात माप घ्यायची सवय मास्टरांना लावली कुणी? आम्हीच ना. आम्ही ट्रक भरून निघून गेलो, जाताना ती परत मागून घ्यायची राहिली. चूक आमचीच."

ह्यांनी मान खाली घातली. आमच्या घरात आभारबिभार म्हणायची पद्धत नाही, पण मी म्हटलं, "साहेब, तुमच्यामुळे आमचं दुकान राहिलं आणि माझा माणूसही राहिला. हे माझ्या तोंडून एकदा ऐकून घ्या." ते म्हणाले, "पँट सैल शिवा म्हणजे झालं."

ह्यांनी माप लिहून घेतलं. अंग पार उतरलंय साहेबांचं, कंबर पूर्वीच्या निम्मी राहिलीय. घरी येऊन ह्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कापताना शिवणीला दोन बोटं जास्तीची सोडली. मी पाहत होते.

"माणूस वाढतो," हे आपणहूनच म्हणाले.