तोंड नको, झाडं दाखव

ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नमध्ये शिरीष राहायचा त्या गल्लीचं नाव ओकवुड राइज. तिथे ओक नव्हता, वुड नव्हतं, आणि चढ म्हणावा तर तो फक्त स्पीडब्रेकरचा. प्रत्येक घरापुढे काठीला बांधलेलं एकेक रोपटं, सलाइन लावलेल्या पेशंटसारखं. पण चिंचवडच्या नातेवाइकांना पत्ता सांगताना शिरीष 'ओक' असा काही उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्या खिडकीवर फांद्या घासतायत.

वय अठ्ठावन्न. विमानतळावर प्रवाशांच्या सामानाचे पट्टे चालते ठेवणारा इंजिनियर. जगाच्या बॅगा जपता जपता त्याने स्वतःची एकच चीज जपली होती, इभ्रत. एकदा त्याचं प्रमोशन हुकलं. पार्टीची आमंत्रणं आधीच गेली होती. त्याने पार्टी दिली. लोकांनी अभिनंदन केलं, ते घेतलं. गुलाबजाम त्याच्या बायकोने, मधूने, केले होते. ते तिने सगळ्यांना दोनदोन वाढले. पुढे महिन्याभरात सगळ्यांना खरं कळलं, पण त्याच्या तोंडावर कुणी काढलं नाही. मराठी माणसं अशा गोष्टी तोंडावर काढत नाहीत. पाठीमागे जास्त रंगतात.

सन दोन हजार वीसच्या मार्चमध्ये करोनाने विमानं थांबली, पट्टे थांबले आणि शिरीष घरी बसला. तेव्हा त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. लेक निहारिका लग्न होऊन इंग्लंडला गेलेली, हेरफर्डशायरमधल्या एका गावात. नवरा हृषिकेश तिथे डॉक्टर. गावामागे जंगल. तिलाही तिथे दिवसातून एकदाच फिरायला बाहेर पडायची मुभा होती. शिरीषने ठरवलं की दर रविवारी आपल्या संध्याकाळी आणि तिच्या सकाळी तिने फोन हातात धरून जंगलात फिरावं, आणि क्रेगीबर्नच्या वीसेक मराठी घरांनी ते झूमवर बघावं.

कल्पना झकास निघाली. लोक चहा घेऊन स्क्रीनपुढे बसू लागले. निहारिका गावाच्या चर्चपासून निघायची, मेंढ्यांच्या कुरणातून, पांढऱ्या फुलांच्या कुंपणाकडेने. मग लाकडी फाटक, ओढा, आणि मग जंगल. बीचच्या झाडांची नवी पानं इतकी पोपटी की कुणीतरी आत्ताच धुऊन वाळत घातलीयत असं वाटावं. एप्रिलअखेर खाली सगळी जमीन निळ्या जांभळ्या फुलांनी भरली. ब्लूबेल. कॉमेंट्री अर्थातच शिरीषची. जन्मात इंग्लंडला न गेलेला हा माणूस "आता डावीकडे ओढा लागेल बघा" असं सांगायचा, आणि ओढा लागायचा, कारण लेकीने आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं असायचं. दर फाटकापाशी ती थांबून विचारायची, "बाबा, येतोय ना आवाज?" शिरीष म्हणायचा, "येतोय. चल पुढे."

मेच्या पहिल्या रविवारी सगळे निरोप घेऊन गेले आणि बाप-लेकच उरले. निहारिका फाटकाच्या पायरीवर बसली, कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि सांगितलं की हृषिकेश मार्चपासून घरी नाही, दुसरीकडे राहतो, दुसरी कुणीतरी आहे. ती त्या घरात एकटी होती. आठवड्यात ती ज्यांच्याशी बोलायची ती माणसं म्हणजे रविवारची ही वीस घरं.

 शिरीषच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

"हे बघ, आत्ता कुणाला कळता कामा नये. पुढच्या रविवारी तोंड नको, झाडं दाखव."

तिने ऐकलं. पुढचे तीन रविवार नुसती झाडं दाखवली. आवाज तेवढा तिचा. एका ठिकाणी, ओढ्याजवळ, तो आवाज फुटला. शिरीषने झटकन सगळ्यांना सांगितलं की तिकडे परागकणांचा फार त्रास असतो. चौथ्या रविवारी ती आलीच नाही. फोन उचलेना. शिरीषने लोकांना तिची तब्येत बरी नाही असं कळवलं. तेवढ्यात पहिला लॉकडाऊन उठला, लोक एकमेकांच्या बॅकयार्डात बसू लागले आणि इंग्लंडचं जंगल विसरले.

मधू म्हणाली, एक फोन कर तिला, नाहीतर मेसेज कर. शिरीषचं म्हणणं, आपण बाप आहोत, आधी तिने करावा. मधूने मग त्याला सांगणं सोडलं. ती गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून लेकीशी बोलायची. तेवढाच प्रवास तिच्या वाट्याला उरला होता.

जुलैत दुसरा लॉकडाऊन लागला. ऑगस्टात घरापासून पाच किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर जायला बंदी आली, आणि क्रेगीबर्नच्या पाच किलोमीटरांत बघण्यासारखं काय, तर हार्डवेअरचं दुकान, तेही बंद. विलासचा फोन आला. हा शिरीषचा वीस वर्षांचा दोस्त. "शिरीष, लेका, निहारिकाला सांग ना, जंगल चालू कर. वेड लागायची पाळी आलीय." इथे शिरीषला नाही म्हणता आलं असतं. लेक बोलत नाही, एवढे तीन शब्द होते. प्रमोशन हुकलं, हेही दोनच शब्द होते.

तो म्हणाला, "नो वरीज. रविवारी सहाला."

मेमधले ते झाडांचे तीनही रविवार त्याने रेकॉर्ड करून ठेवले होते. त्याने ते कापले, उलटसुलट जोडले. तिचा चेहरा त्यात नव्हताच, ती सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. ओढ्याजवळचा तो हुंदका त्याने काढून टाकला. परागकण असते तर राहू दिले असते. लोकांना सांगितलं, तिकडे नेट कमी पडतं, म्हणून ती मला जोडलेली आहे आणि मी माझी स्क्रीन तुम्हाला दाखवतोय. रविवारी व्हिडिओतल्या लेकीने विचारलं, "बाबा, येतोय ना आवाज?" आणि शिरीष म्हणाला, "येतोय. चल पुढे." अगदी वेळेवर. हे त्याला फारच छान जमलं, आणि तिथेच घात झाला, कारण त्याला ते आवडायला लागलं. इतर दिवशीही तो एकटा बसून ते लावायचा आणि उत्तरं द्यायचा. पलीकडच्या खोलीत मधू ते ऐकायची.

तिसऱ्या रविवारी मंजिरीला संशय आला. मंजिरी त्या ग्रुपमधली तरुण पोरगी, टोमणे मारण्यात पटाईत. तिची मावसबहीण इंग्लंडमध्येच, लीड्सला. ती बहीण म्हणाली, सप्टेंबरात कसल्या ब्लूबेल, ती फुलं मेमध्येच संपतात. त्याच दिवशी शिरीष सोडून सगळ्यांचा एक नवीन व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, नाव 'सदाबहार जंगल'. कुणी सांगितलं नाही, कुणी थांबवलं नाही. उलट हजेरी वाढली. मंजिरी गोड आवाजात विचारायची, "काका, निहारिकाला सांगा ना, जरा ती खार झूम करून दाखव म्हणावं." शिरीष घाम पुसत सांगायचा की तिला तुमचं ऐकू येत नाहीये. विलास म्हणायचा, मेंढ्या ओळखीच्या वाटतात रे. बाकीचे माइक बंद करून हसायचे. चौकटीत नुसते खांदे हलताना दिसायचे, आणि शिरीषला वाटायचं, लोक खुश आहेत.

एका मेंबराच्या बायकोला राहवलं नाही. तिने मधूला सांगितलं. मधूने ऐकून घेतलं, पोळ्या केल्या, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन लेकीला रविवारची लिंक पाठवली.

त्या रविवारी व्हिडिओ नुकताच कुरण ओलांडून जंगलात शिरला होता. शिरीष बीचच्या खोडाबद्दल सांगत होता. झूमच्या दारात कुणीतरी आत यायला उभं होतं, नाव नुसतं 'एन', आणि शिरीषला वाटलं ग्रुपमधली नीलिमा असेल, उशिरा आलेली. त्याने आत घेतलं. एकविसावी चौकट उघडली.

छोटी खोली, मागे रिकामी भिंत. केस कापलेले, गाल बसलेले. ओळखायला दोन क्षण लागले सगळ्यांनाच. खाली मोठ्या चौकटीत तिचाच आवाज म्हणत होता, "इथे थोडा चिखल आहे हं," आणि वरच्या लहान चौकटीत ती बसून स्वतःचा आवाज ऐकत होती.

हलणारे खांदे थांबले.

"सॉरी हं बाबा," ती म्हणाली. "तोंड दाखवतेय."

शिरीषचा हात माऊसवर होता. मधू दारात येऊन उभी राहिली होती, हे त्याला न बघता कळलं. विलास, मंजिरी, सगळे डोळे फाडून बघत होते. त्यांना हवं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं होतं.

"मी काही सांगणार नाहीये कुणाला," निहारिका म्हणाली. "तू फक्त एकदा विचार मला, कशी आहेस. दॅट्स ऑल. मग मी जाते."

दोनच शब्द. शिरीषने तोंड उघडलं. खरंच उघडलं, मधूने पाहिलं. मग त्याची नजर त्या चौकटींवरून फिरली, एकेका चेहऱ्यावरून, आणि तो घसा साफ करून म्हणाला, "नेटवर्कचा काहीतरी घोळ होतोय, एक मिनिट." त्याने तिच्या चौकटीवर क्लिक केलं आणि तिला काढून टाकलं.

झूमवर असं असतं, एकदा काढलेला माणूस त्या मीटिंगमध्ये परत येऊ शकत नाही. तिने दोनदा प्रयत्न केला, हे मधूला स्वतःच्या फोनवर आलेल्या तिच्या मेसेजवरून कळलं. मधू तो फोन घेऊन गॅरेजमध्ये गेली. ह्या वेळी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि शटर वर जाण्याचा.

मीटिंगमधून कुणी उठलं नाही. उठायचं कसं, हेच कुणाला सुचेना. सगळे वीस जण ताठ बसून इंग्लंडची झाडं बघत राहिले. शेवटी मंजिरी म्हणाली, "काका, ही निळी फुलं कसली?" ह्या वेळी तिचा आवाज गोड नव्हता.

"ब्लूबेल," शिरीष म्हणाला. "आत्ता ऐन बहरात आहेत."

मग फाटक आलं. कॅमेरा थांबला. पानांमधून ऊन पडलं होतं, आणि कुठेतरी एक पक्षी ओरडत होता.

"बाबा, येतोय ना आवाज?"

"येतोय," तो म्हणाला. "येतोय बाळा. कशी आहेस?"

ती पुढे चालू लागली होती.