निम्म्या किमतीचं धुण्याचं मशीन

किमतीतलं अदाउतोला कळतं, हे कोंताजें शहरातल्या त्या चढावरच्या गल्लीत सगळ्यांना मान्य होतं, आणि सगळ्यांत जास्त अदाउतोला. महागाईने ब्राझीलभर नुसता धुमाकूळ घातला होता त्या वर्षांत तो सुपरमार्केटात लेबलं डकवायच्या कामाला होता. हातात लेबलाचं यंत्र, खट खट खट, कालच्या किमतीवर आजची. तेलाच्या डब्यावर सात-सात थर बसायचे. बायका त्याच्या पुढे धावत, त्याचा हात पोचायच्या आत साखर-तांदूळ ओढून घेत. नाही साधलं तर नखाने वरचं लेबल खरवडून खालची किंमत त्याच्या नाकासमोर नाचवत. त्याच्या आईचा उद्धार तर रोजचाच. अकरा वर्षं त्याने तो निमूट ऐकून घेतला.

पुढे नवं चलन आलं, किमती जागेवर बसल्या आणि अदाउतोची अक्कल उलटी फिरली. आता घाई करतो तो मूर्ख, शहाण्याने सेलची वाट बघायची, असं तो न्हाव्याच्या दुकानात बसून लोकांना शिकवू लागला. त्याची बायको झिल्दा मात्र जुनीच राहिली. तिच्या हाडांत ते दिवस मुरलेले होते. हातात पैसे आले की त्याच दिवशी वस्तू घरात, एवढंच तिला ठाऊक.

जुलैत त्यांचं धुण्याचं मशीन कायमचं बंद पडलं. घरात अदाउतोची नव्वदीची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दिवसाला दोन चादरी, पोट बिघडलं तर चार. त्या झिल्दा परसातल्या सिमेंटच्या टाकीवर हाताने धुवायची. त्रेसष्टाव्या वर्षी. तिच्या बोटांची पेरं आधीच सुजलेली होती.

ऑगस्टमध्ये तिनेच मोबाइलवर मशीन शोधलं. एक हजार आठशे नव्व्याण्णव रेआईस. पैसे बाजूला काढलेले होते.

"घेऊन टाक, अदाउतो. आजच्या आज."

"वेडी का काय तू? नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेचा सेल. हेच मशीन हजार-बाराशेला पडेल."

"आणि तोवर?"

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे!"

प्रश्न तीन महिन्यांचा होता खरा, पण तो सोडवायचा कुणी, हे त्याने विचारलं नाही. झिल्दा चादरींची बादली उचलून परसात गेली.

अदाउतो रोज सकाळी कॉफी घेताना किंमत बघायचा आणि जुन्या सवयीने चिकटकागदावर तारखेसकट लिहून फ्रिजवर डकवायचा. सप्टेंबरात दोन हजार दोनशे नव्व्याण्णव. वर-खाली होतच असतं, तो म्हणाला. ऑक्टोबरात दोन हजार आठशे. त्याचं कॉफीवरून लक्ष उडालं. नोव्हेंबर उजाडला आणि तेच मशीन, तोच पांढरा रंग, तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव! आता घेणार कसं? मधेच घेतलं तर जास्त मोजायचे, आणि थांबावं तर झिल्दाची उजव्या हाताची करंगळी वळेनाशी झालेली. न्हावी त्याला खिजवायचा, "अहो अदाउतो, आधी दुप्पट करतील आणि मग निम्मं करून देतील, बघा तुम्ही!" अदाउतो दात-ओठ खात घरी यायचा.

त्याच्या संतापात काही खोटं नव्हतं. तोही एके काळी लुटीचा कारकून होता, पण ती लूट उघड्यावर होती. नख लावलं की खालची किंमत दिसायची. या मोबाइलच्या काचेवर किती नखं घासली तरी खाली काही नाही. कालची किंमत काल होती याला साक्षीदार कोण? एका म्हाताऱ्याचा फ्रिज!

शुक्रवार उजाडला. मोबाइलवर लाल अक्षरं नाचत होती: पन्नास टक्के सूट! तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णववर काट, आणि खाली किंमत, एक हजार आठशे नव्व्याण्णव.

अदाउतोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रिजवरचा कागदांचा गठ्ठा उचकटून तो निघाला. झिल्दाही पर्स घेऊन मागोमाग निघाली. आईपाशी शेजारीण बसली. त्या ऑनलाइन बाजाराचं एक दुकान बसथांब्यासमोर होतं, तिथे मोबाइल न जमणाऱ्यांना ऑर्डर टाकून देत. दारात फुगे, कर्णकर्कश गाणी आणि पन्नास माणसांची रांग. अदाउतो रांग तोडून थेट आत घुसला आणि मांडून ठेवलेल्या मशीनच्या झाकणावर एकेक कागद डकवू लागला.

"हा ऑगस्ट! हा सप्टेंबर! बघा, लोकहो, बघा! सूट कसली, ही ऑगस्टचीच किंमत आहे! डोळ्यांत धूळ फेकतायत तुमच्या!"

रांगेने टाळ्या पिटल्या. कुणी शिट्टी मारली, चार जणांनी मोबाइल उगारले. "बरोबर बोलतायत काका! चोर आहेत सगळे!" एक बाई ओरडली, आणि लगेच म्हणाली, "पण जरा सरका हो, टीव्ही संपतील."

हसून सगळे पुढे सरकले. चोर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी रांग एका माणसानेसुद्धा कमी झाली नाही. याची चीड चोरांपेक्षा जास्त यावी की नाही?

कंपनीचा पिवळा शर्ट घातलेली एक मुलगी आली, वीस-बावीसची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने कागद फाडले नाहीत, हळूच सोडवून त्याच्या हातात दिले.

"काका, मी नाही हो लावत किंमत. वरून येते."

 हेच वाक्य अदाउतोने साखरेच्या रांगेत अकरा वर्षं बायकांना ऐकवलं होतं. या पोरीवर ओरडून काय होणार, हे त्याच्याइतकं त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वर कोण असतं, तेवढं त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

"चल झिल्दा. या दरोडेखोरांकडून काही घ्यायचं नाही. अजून महिनाभर थांबू, पण—"

"थांबू?" झिल्दा म्हणाली. एवढ्या गोंगाटातही तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "किती जण थांबणार आहेत, अदाउतो? मला तर थांबणारी मी एकटीच दिसतेय. किंमत तीच आहे ना ऑगस्टची? म्हणजे तुझा एक पैसाही गेला नाही. मग माझं काय गेलं ते लिहिलंयस का त्या कागदांवर?"

तिने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब, ताठ उभी. साबणाने सोलवटलेली कातडी. अदाउतो दुसरीकडे बघू लागला, तर ते हातही तिकडे आले.

"ऑर्डर टाक गं बाई," झिल्दा त्या मुलीला म्हणाली. "माझ्या नावावर."

मुलीने टाकली. सेलची गर्दी, पोचायला बारा दिवस लागतील, म्हणाली.

"बारा दिवस तू धुवायचंस," घरी येताना चढावर झिल्दा म्हणाली. "तुझी आई आहे."

शनिवारी सकाळी अदाउतो टाकीवर उभा राहिला. पहिल्या दिवशी त्याने कंपनीला शिव्या घालत चादरी घासल्या. दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. चौथ्या दिवशी अंगठ्याजवळची कातडी फाटली आणि सोड्याच्या पाण्याने जखम अशी काही झोंबली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. झिल्दा दारात बसून तांदूळ निवडत होती.

"हे असं रोज झोंबतं?" त्याने विचारलं.

"जुलैपासून," ती म्हणाली. "पहिल्यांदाच विचारतोयस."